धोरण कुठे ठरते, आणि किती वेळात?

(गिरणीकामगारांच्या सभेपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



"पक्षाला एवढा वेळ का लागतो?" हा प्रश्न आम्हांला सभेसभेत विचारला जातो. एक समिती नेमायची, तिचा अहवाल आला की त्या अहवालावर दुसरी समिती नेमायची, दुसरीचा अहवाल येईपर्यंत निवडणूक जवळ येते, मग निवडणूक होऊ द्या म्हणायचे. तेवढ्यात माणूस रिटायर होतो, त्याचा मुलगा कमावता होतो, आणि प्रश्न आपला जिथल्या तिथे. तेव्हा धोरण ठरवण्याचे काम झटपट का उरकू नये, ही तुमची तक्रार रास्त आहे. आज आम्ही तिच्यावरच बोलणार आहोत.

पण आधी हिशेब मांडू. पगाराचे पाकीट हातात पडले की कामगार हजेरी मोजतो, कापलेला दंड मोजतो, आणि मग सही करतो. पक्षांनी घेतलेल्या वेळेचाही तसाच हिशेब केला पाहिजे. किती वर्षे कशात गेली? ती कुणी खाल्ली? आणि शेवटी कामगाराच्या पदरात काय पडले?

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. "लवकर" हा शब्द गिरणीकामगाराला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत तो मालकांच्या तोंडी होता. एका माणसाने दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळावेत, कताईखात्यात एकाच्या जागी दोन फ्रेम बघाव्यात, म्हणजे काम भराभर होईल आणि माणसे कमी लागतील, अशी ती योजना होती. तिच्याविरुद्ध दीड लाखाच्या आसपास कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले. त्या सहा महिन्यांत कामगार एकच विचारत होता : ही गती कुणाच्या जिवावर? पक्षांनी धोरण लवकर ठरवावे असे म्हणताना आपण तोच प्रश्न हाती ठेवू या.

कागदावरची वाट आणि चोरवाट

धोरण म्हणजे काय? सत्ता हाती आली तर आपण काय करू, कुणाचे हित आधी पाहू, कशासाठी भांडू आणि कशासाठी थांबू, हे पक्षाने आधी ठरवून लोकांना सांगायचे, त्याचे नाव धोरण. बाकी सगळी भाषणे.

ते ठरवण्याची कागदावरची वाट बहुतेक पक्षांत सारखीच असते. काँग्रेसचे उदाहरण घ्या. खाली वॉर्डाची किंवा तालुक्याची समिती. तिथे ठराव होतो. तो जिल्हा समितीकडे जातो, तिथून प्रदेश समितीकडे, तिथून अखिल भारतीय समितीकडे. मग अधिवेशन भरते. अधिवेशनापूर्वी विषय नियामक समिती बसते आणि कोणता ठराव मांडायचा, कोणता मागे ठेवायचा हे ठरवते. पुढे ठरावाची मांडणी, अनुमोदन, उपसूचना, मतदान. निवडणूक आली म्हणजे याच ठरावांतून जाहीरनामा तयार होतो. कम्युनिस्ट पक्षात नावे निराळी असतात, पॉलिट ब्यूरो, मध्यवर्ती समिती, पक्षाची काँग्रेस. समाजवाद्यांत आणखी निराळी. पण वाट खालून वर जाते, असे सगळेच म्हणतात.

ही वाट लांब आहे, यात शंका नाही. तालुक्याचा ठराव अधिवेशनात पोचायला वर्ष लागते, दोन वर्षे लागतात. म्हणून प्रत्येक पक्षात एक चोरवाटही असते. दिल्लीत दहा-वीस माणसे बसतात, रात्रीत मसुदा होतो, सकाळी वर्तमानपत्रात येतो, आणि मग खालच्या समित्यांनी हात वर करायचे. ही वाट आखूड आहे. हिच्यावर खोळंबा होत नाही. "पक्षाने गती घ्यावी" असे जेव्हा मोठ्या पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकू येते, तेव्हा ते कोणत्या वाटेबद्दल बोलतात, हे आधी विचारून घ्यावे.

आता या दोन्ही वाटांचा हिशेब आपल्या घरच्याच उदाहरणाने करू. भाषावार राज्याचे धोरण काँग्रेसमध्ये कसे ठरले, किती वेळात ठरले, किती वेळा फिरले, हे सगळे सालवार नोंदलेले आहे.

चाळीस वर्षे कशात गेली?

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात नवी घटना मंजूर झाली आणि इंग्रजांनी पाडलेले इलाखे बाजूला सारून काँग्रेसने आपल्या प्रदेश समित्या भाषांप्रमाणे रचल्या. एकंदर २१ समित्या झाल्या. चार आण्यांत सभासद होता येऊ लागले. असे का केले? कारण शेतकऱ्याला आणि कामगाराला चळवळीत आणायचे होते, आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलून भागणार नव्हते. पक्षाला लोकांची गरज होती, तेव्हा हे धोरण ठरायला फार दिवस लागले नाहीत. १९२८ साली मोतीलाल नेहरूंच्या अहवालाने भाषावार प्रांतांचे तत्त्व उचलून धरले. १९४५-४६ च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यातही शक्य तेथवर भाषेच्या आणि संस्कृतीच्या पायावर प्रांत रचण्याचे वचन आले.

म्हणजे बघा, धोरण ठरवायचे काही शिल्लक राहिले होते काय? तत्त्व मान्य, घटना मान्य, जाहीरनामा छापलेला. उरले होते ते फक्त पाळणे.

मग सत्ता आली. १९४८ च्या जूनमध्ये दार आयोग नेमला गेला. डिसेंबरात त्याने सांगितले की भाषावार प्रांत करणे देशाच्या हिताचे नाही. त्याच डिसेंबरात जयपूरच्या काँग्रेसने जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभी सीतारामय्या अशा तिघांची समिती नेमली. या तिघांपैकी पट्टाभींनी आंध्र प्रांतासाठी अर्धे आयुष्य खर्च केलेले. तरी १९४९ च्या एप्रिलमध्ये समितीने सांगितले की हा प्रश्न तूर्त पुढे ढकलावा, आणि महाराष्ट्र झालाच तर तो मुंबईवाचून व्हावा. पूर्वी काँग्रेसने तत्त्व मान्य केले तेव्हा व्यवहारातल्या अडचणी तिच्यासमोर नव्हत्या, असेही त्यांनी लिहिले.

अडचणी असतात, हे आम्ही नाकारत नाही. नुकती फाळणी झाली होती, निर्वासितांचे लोंढे येत होते, संस्थाने विलीन व्हायची होती. पण मग १९२० पासून १९४७ पर्यंत सत्तावीस वर्षे मिळाली होती. त्या सत्तावीस वर्षांत सीमा कशा आखायच्या, मुंबईचे काय करायचे, खर्च कसा वाटायचा, याचा एक तरी बारीक आराखडा पक्षाने लोकांपुढे ठेवायला हवा होता. तत्त्वाचा ठराव झाला, त्याला तारीख नव्हती आणि तपशील नव्हता. बिनतारखेची हुंडी बाजारात वटत नाही.

यातले एक मर्म तुम्ही मुंबईकर कामगारांनी विशेष ध्यानात घ्यावे. १९२० साली मराठी मुलखाला एक प्रदेश समिती मिळाली नाही. महाराष्ट्राची वेगळी, वऱ्हाडची वेगळी, नागपूरकडची वेगळी, आणि मुंबई शहराची वेगळी. पुढे मुंबई शहर समितीवर स. का. पाटलांचे वर्चस्व राहिले, आणि मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये असा तिचा हट्ट होता. म्हणजे परळ-लालबागच्या कामगाराचे मत वर जायचे झाले तर ते कोणत्या दारातून जाणार, हे पस्तीस वर्षे आधी ठरून गेले होते! पक्षाची रचना कशी आहे, हे पाहायचे ते यासाठी. ठरावाची वाट कुणाच्या अंगणातून जाते, त्यावर ठरावाचे नशीब अवलंबून असते.

चार दिवसांचे धोरण

आता गतीचे पहिले उदाहरण. आंध्र राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलु उपोषणाला बसले आणि १५ डिसेंबर १९५२ रोजी त्यांनी प्राण सोडला. आंध्रात आग उसळली. १९ डिसेंबरला आंध्र राज्य देण्याची घोषणा झाली. १ ऑक्टोबर १९५३ रोजी राज्य अस्तित्वात आले. बत्तीस वर्षांच्या ठरावांनी जे हलले नाही ते चार दिवसांत हलले.

कुणी म्हणेल, झाले ना लवकर? हो, झाले. पण यातून देशाला काय शिकवण मिळाली? ठराव करू नका, सह्या गोळा करू नका, निवेदने देऊ नका. माणूस मेल्याशिवाय पक्षाला ऐकू येत नाही. ही शिकवण फार महाग पडली, आणि तिची किंमत पुढे मुंबईने दिली. अशी गती आम्हांला नको. ठरावाच्या वेळी कान बंद ठेवणाऱ्याला नंतर रक्ताच्या भावात गती विकत घ्यावी लागते.

विचारले सगळ्यांना, ठरवले थोड्यांनी

डिसेंबर १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर हे तिघे सभासद. आयोग १०४ ठिकाणी हिंडला, नऊ हजारांवर माणसांना भेटला, त्याच्याकडे १,५२,२५० निवेदने आणि कागद आले. सप्टेंबर १९५५ च्या अखेरीस अहवाल सादर झाला. म्हणजे एकवीस महिने लागले. हा वेळ फुकट गेला असे आम्ही म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या देशात खेड्यापाड्यांतून, नगरपालिकांतून, संघटनांतून लोकांना विचारायचे तर एकवीस महिने काहीच नव्हेत. त्याने महाराष्ट्रासाठी दिलेला निवाडा लोकांना पटला नाही. विदर्भ वेगळा काढून गुजरातसह मुंबईचे द्वैभाषिक राज्य करा, असे त्याने सांगितले. पण निदान कारणे लिहून दिली होती, त्यामुळे त्या कारणांना उत्तर देता येत होते.

त्यानंतर काय झाले ते पाहा. नोव्हेंबर १९५५ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने त्रिराज्य योजना काढली : महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, मुंबई शहराचे तिसरे राज्य. २१ नोव्हेंबरला मुंबईत संप झाला, मोर्चा विधानसभेकडे निघाला, फ्लोरा फाउंटनला गोळीबार होऊन पंधरा माणसे पडली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सांगितले की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. पुन्हा गोळीबार, पुन्हा बळी. जूनमध्ये मुंबईतच अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत तीच गोष्ट पाच वर्षांच्या मुदतीसह पुन्हा सांगण्यात आली. आणि ऑगस्टमध्ये एकदम सगळे फिरले. खासदारांच्या सह्या जमवल्या गेल्या, आणि गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ, मुंबई असे सगळे एकत्र करून विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य करण्याचे ठरले. १० ऑगस्टला लोकसभेने विधेयक मंजूरही केले.

नऊ महिन्यांत एका पक्षाची तीन धोरणे! आता सांगा, हा पक्ष मंद होता की वेगवान?

देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे कुलाब्यातून निवडून गेलेले. त्यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनाम्याचे निवेदन लोकसभेत केले, आणि त्यांचा एक मोठा आक्षेप नेमका याच मुद्द्यावर होता. मुंबईचा एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर झाला, असे ते म्हणाले. मंत्रिमंडळातल्या माणसाची ही कथा, तर मग साच्यावरच्या माणसाला कोण विचारतो?

आणि त्या घाईतून निघाले काय? महाराष्ट्र नाराज होताच, आता गुजरातही पेटला. ८ ऑगस्ट १९५६ ला अहमदाबादेत काँग्रेसभवनापाशी गोळीबार झाला. इंदुलाल याज्ञिकांच्या पुढारीपणाखाली महागुजरात जनता परिषद उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला जन्मलेले द्वैभाषिक ३० एप्रिल १९६० ला संपले. पुरती साडेतीन वर्षे. जे ठरवायला काही दिवस पुरले, ते मोडायला साडेतीन वर्षे लागली, एक निवडणूक लागली, प्रतापगडचा मोर्चा लागला. सूत कच्चे असताना साचा जोरात सोडला तर काय होते, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. धागा तुटतो, साचा थांबवावा लागतो, आणि खाडा कामगाराच्या नावावर पडतो.

समिती एका दिवसात कशी उभी राहिली?

यावर आमचे काही तरुण मित्र विचारतात, "मग संयुक्त महाराष्ट्र समितीचे काय? ती तर एका दिवसात झाली!" खरे आहे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात बैठक झाली आणि समिती स्थापन झाली. डांगे अध्यक्ष, एस. एम. जोशी सरचिटणीस. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, एरव्ही एकमेकांचे तोंड न बघणारे एका बाकावर बसले.

पण तो एक दिवस कुठून आला? त्याच्या मागे दहा वर्षे होती. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात ठराव झाला. त्याच वर्षी जुलैत मुंबईत संयुक्त महाराष्ट्र परिषद भरली. पुढे अकोल्याचा करार झाला, आणि १९५३ साली नागपूरचा करार झाला. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा यांनी एकमेकांच्या शंका काढून कागदावर अटी लिहिल्या : खर्चाची वाटणी कशी, नोकऱ्यांत वाटा कसा, नागपूरला विधानसभेचे अधिवेशन किती. गावोगावच्या सभांतून हा विषय इतका घोळला गेला होता की फेब्रुवारी १९५६ मध्ये नवीन काही समजावून सांगायचे उरलेच नव्हते. आधी ताणा नीट लावून ठेवला होता, म्हणून विणकाम भराभर झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण यात फार मोलाचे आहे. १९४८ साली दार आयोगापुढे त्यांनी महाराष्ट्राच्या एका प्रांताची बाजू मांडली. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांचे मत बदलले होते, आणि मराठी मुलखाची चार राज्ये करावीत असे त्यांनी मांडले. मत बदलले ते छापून, नकाशे आणि आकडे देऊन. लहान जमातींचे बहुसंख्यांपासून रक्षण कसे होणार, हा त्यांचा सवाल होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. पुढे त्यांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन समितीत आला आणि १९५७ ची निवडणूक समितीबरोबर लढला. धोरण बदलायला हरकत नसते. पण ते कारणांसह, नावानिशी आणि उजेडात बदलावे. मग विरोधकालाही त्याच्याशी बोलता येते.

जे ठरवायचे राहून गेले

आता बोचणारी गोष्ट बोलू. समिती वेगाने चालली याचे एक कारण असे की तिने एकच मागणी हाती धरली : मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. बाकीच्या प्रश्नांवर घटक पक्षांची तोंडे चार दिशांना होती, म्हणून ते प्रश्न बाजूला ठेवले. लढ्यासाठी ते योग्यच झाले. १ मे १९६० ला राज्य मिळाले. हुतात्म्यांत कामगार किती होते, हे गिरणगावाला सांगायला नको. पण राज्य मिळाल्यावर कामगाराचे त्यात काय, हा ठराव कुठल्याच कपाटात तयार नव्हता. समितीतले पक्ष पांगले. आणि ज्यांच्याकडे धोरण तयार होते, त्यांचे चालले.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मानायचे ठरवले होते. कामगारांना कोणती संघटना हवी, हे गुप्त मतदानाने ठरवा, ही मागणी जुनी. राज्य मराठी झाले, तरी तो कायदा तसाच राहिला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणीकामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि या कायद्याचा फास सोडवणे, या मागण्या त्यात होत्या. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. संप पेटल्यानंतर काही पक्ष धोरण शोधू लागले. बावीस वर्षे हातात असताना ते शोधले नव्हते!

त्यानंतर जमिनीचा प्रश्न आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणीची जमीन विकायची तर ढोबळ मानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेली मालकाला. २००१ साली त्या नियमात बदल झाला. वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची, इमारती पाडून जी मोकळी होईल तिची नव्हे, असा त्याचा अर्थ निघाला. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती? सगळीकडे खाती, गोदामे, चिमण्या. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कामगारांच्या आणि शहराच्या बाजूचा अर्थ लावला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. कायद्याच्या इंग्रजीतला शब्दांचा एक फेर, आणि मैदाने गेली, घरे गेली. घरांसाठी अर्ज केलेले कामगार आणि त्यांचे वारस लाखाच्या वर आहेत. मिळालेली घरे त्या मानाने फारच थोडी.

हा बदल २००१ मध्ये झाला तेव्हा कोणत्या पक्षाच्या कोणत्या वॉर्ड समितीत त्याची चर्चा झाली? कोणत्या अधिवेशनात उपसूचना आली? शोधून काढा आणि त्या पक्षाच्या पुढाऱ्याला विचारा. त्याला ते सांगता आले पाहिजे.

तेव्हा गती वाढवावी का?

वाढवावी. पण नेमकी कुठे, ते सांगून वाढवावी. वेळ तीन जागी जातो. लोकांना विचारण्यात जातो, त्यातला एक दिवसही कमी करू देऊ नका. ठरवण्यात जातो, त्याला मुदत बांधून द्या. आणि ठरलेले पाळण्यात जातो, तिथे मात्र दिवसाचाही उशीर सोसू नका. आजवर उलटे चालले आहे. विचारणे उरकून टाकायचे, ठरवणे लांबवायचे, आणि पाळायचे तेव्हा समिती नेमायची.

म्हणून मत मागायला कुठलाही पक्ष चाळीत आला, मग त्याचा झेंडा कुठल्याही रंगाचा असो, त्याला चार प्रश्न विचारा.

पहिला : हे धोरण तुमच्या पक्षात पहिल्यांदा कुठे मांडले? वॉर्डात, की दिल्लीच्या बंगल्यात?

दुसरा : त्यावर उपसूचना मांडायला खालच्या समित्यांना किती दिवस दिले? एका रात्रीत हात वर करून घेतले असतील तर ते धोरण नव्हे, हुकूम आहे.

तिसरा : सत्ता आल्यापासून किती महिन्यांत करणार? तारीख लिहून द्या. १९२० च्या ठरावाला तारीख नव्हती, म्हणून १९६० उजाडले.

चौथा : धोरण बदलावे लागले तर कारण कोण सांगणार? नाव सांगा. पुढच्या सभेत तो माणूस याच व्यासपीठावर उभा राहिला पाहिजे.

आणि दुसऱ्याला विचारतो तेच आपल्या घरीही लागू करू या. युनियनची मागणीपत्रे आपण कशी करतो? पुढारी लिहितात आणि सभा टाळ्या देते, एवढ्याने भागणार नाही. घरांचा प्रश्न असो, थकलेल्या देण्यांचा असो, यंत्रमागावरच्या मजुरीचा असो, मसुदा आधी चाळीचाळीत वाचला गेला पाहिजे. सोप्या मराठीत वाचा. आमच्याबरोबर साच्यावर उभे राहिलेले तेलुगू विणकर आहेत, उत्तरेकडचे भाऊ आहेत, त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. आपल्या भाषेत राज्यकारभार मागणाऱ्यांनी दुसऱ्याला त्याच्या भाषेत समजावण्याचा कंटाळा करू नये. वाइंडिंग आणि रिळिंगमध्ये राबलेल्या बायांना वेगळे विचारा, कारण मिश्र सभेत त्यांचा आवाज दाबला जातो, हे आम्ही पाहत आलो आहोत. हे सगळे करायला महिना लागेल, दोन महिने लागतील. लागू द्या. मग मागणी ठरली की तारीख टाका, आणि त्या तारखेनंतर एक दिवस थांबू नका.

कुणी म्हणेल, एवढे सोपस्कार करत बसलो तर समोरचा पुढे निघून जाईल. बंधूंनो, समोरच्याचा मसुदा नेहमी तयार असतो. त्याचे वकील बारा महिने बसलेले असतात. आपण तयारी नसताना धावलो तर त्याच्याच वाटेवर धावू. १९५६ च्या फेब्रुवारीत मराठी माणूस एका दिवसात उभा राहिला, कारण त्याची दहा वर्षांची तयारी होती. १९८२ मध्ये आणि २००१ मध्ये तशी तयारी नव्हती, आणि त्याचे फळ तुमच्या डोळ्यांसमोर परळच्या काचेच्या इमारतींत उभे आहे.

तेव्हा या सभेतून उठताना नुसते भाषण घेऊन जाऊ नका. आपल्या चाळीत, आपल्या वस्तीत पंधरा दिवसांत एक बैठक घ्या. घरांबद्दल आपले म्हणणे काय, ते एका कागदावर लिहा. खाली सह्या घ्या, तारीख टाका. तो कागद प्रत्येक पक्षाच्या वॉर्ड कचेरीत नेऊन द्या आणि पोच मागा. पोच दिली नाही तर तीही गोष्ट लिहून ठेवा. निवडणुकीच्या सभेत ती वाचून दाखवायला आम्ही तुमच्याबरोबर असू.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!